रिकाम्या घराला हाक

"घरमा कोनी शे का?"

चौकटीवर बोटांनी टकटक करून फौजी आबा ही हाक घालायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. राहत्या घरापुढे कोणी अशी हाक दिली तर त्यात नवल नाही. पण आबा घरं बांधायचे. ज्या घराला अजून दार नाही, छप्पर नाही, नुसत्या कमरेएवढ्या विटा उभ्या आहेत, त्याच्यापुढेही ते अशीच हाक द्यायचे. मगच आत पाऊल.

लोणखेड्यात कधी आलात तर त्यांची घरं तुम्हाला सहज ओळखता येतील. जागा असो नसो, मागचं दार असणारच. आमच्या शेजारच्या किराणावाल्या शेठजींनी यावरून त्यांच्याशी हुज्जत घातली होती. "आबा, इथून चोर येईल!"

"चोर येई, पन मानूस बी निंघी," आबा म्हणाले आणि विटेवर वीट ठेवत राहिले.

जुनं घर पाडायला मात्र ते कधी हात लावत नसत. "पाडानं काम मन्हं नई, ताई. दुसरं मानूस देखा." शाळेतून झेंडावंदनाला सत्काराचं बोलावणं आलं, की त्या दिवशी नेमकं त्यांना लांबच्या गावचं काम निघायचं. लढाईवर जाऊन आलेला माणूस, पण लढाईचा एक शब्द तोंडून काढायचा नाही. आम्हाला वाटायचं, भिडस्त स्वभाव.

आमचं घर त्यांनीच बांधलं. मी तेव्हा शहाद्याच्या एसटी डेपोत कामाला होते आणि ड्युटीला जाताना बांधकामावर डोकावून जायचे. एका सकाळी माझ्या नवऱ्याला लहर आली. तो अर्धवट बांधलेल्या स्वयंपाकघरात लपून बसला. आबांची हाक आली, तसा म्हाताऱ्या बाईचा आवाज काढून आतून म्हणाला, "शे ना भाऊ, ये!"

मजूर हसले. मीही हसले. आबा मात्र वाळूच्या ढिगावर मटकन बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. नवऱ्याने बाहेर येऊन त्यांचे पाय धरले, तरी त्यांना उठवेना.

चहा पोटात गेल्यावर ते आपणहून बोलायला लागले.

बांगलादेशच्या लढाईत ते सुरुंग लावणाऱ्या तुकडीत होते. मिसरूड नुकतंच फुटलेलं. एका गावात रस्त्याकडेच्या घरातून गोळीबार झाला होता, म्हणून ते उडवायचा हुकूम आला. गाव रिकामं झालंय, असं सांगण्यात आलं होतं. आबांनी सुरुंग लावला, वात पेटवली. मातीचं घर जागच्या जागी बसलं. धूळ खाली बसते न बसते तोच बांबूच्या बनातून एक म्हातारी धावत आली आणि ढिगाऱ्याकडे हात करून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लागली. आबा हातांनीच माती उपसायला लागले. तेवढ्यात तुकडीला पुढे निघायचा हुकूम झाला. ढिगारा अर्धवट टाकून ते गाडीत चढले.

"वात पेटाडाना आगोदर एक हाक माराले पाहिजे व्हती," आबा म्हणाले. "मन्हं तोंड कोनी धरेल व्हतं का?"

"ती काय म्हणत होती?" मी विचारलं.

"केउ नाय भितोरे." काल ऐकल्यासारखं त्यांनी म्हणून दाखवलं. "नाय म्हंजे नई. भितोरे म्हंजे भीत व्हई, घरनी भिंत. भीत नई ऱ्हायनी, अशी म्हने ती. पन ढिगारा खाले कोनी व्हतं का, ते माले समजनंच नई."

त्यानंतर आमच्या घरात त्यांच्या हाकेवर कोणी हसलं नाही.

गेल्या वर्षी आबांच्या छातीत पाणी झालं. मुलगा सुरतेला, म्हणून त्यांच्या बायकोसोबत मी त्यांना चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे बंगालकडची एक नर्स होती. सलाईन बदलून झाल्यावर ती दारापाशी उभी राहून घरी फोनवर बोलत होती. बोलता बोलता तिच्या तोंडून 'भितोरे' हा शब्द आला आणि आबा धडपडत उठून बसले.

"बाई, काय म्हननी तू?" मग त्यांनी तिला ते सगळं वाक्य म्हणून दाखवलं.

नर्स हसली. "आत कोणी नाही, असं म्हणतात हे. भितोरे म्हणजे आत, आबा."

आबांच्या बायकोला ही गोष्ट लग्नापासून ठाऊक होती. त्यांनी आबांचा खांदाच धरला. "आयकं का? कोनी नव्हतं! कोनीच नव्हतं!" त्या रडतही होत्या आणि हसतही होत्या. मलाही वाटलं, सुटला हा माणूस.

आबांनी आपले दोन्ही हात उताणे करून डोळ्यांपुढे धरले.

"म्हंजे ती मालेच समजाडी ऱ्हायनी व्हती, नको उकरू म्हनीसन," ते म्हणाले. "माती उकरीसन मन्हा हात फाटेल व्हतात. तिन्हं घर मी पाडं, आनि ती मन्हा हातकडे देखी ऱ्हायनी व्हती."

नर्स हळूच निघून गेली.

आबा त्या दवाखान्यातून घरी आले नाहीत. पण ते गेले तो दिवस मला तितकासा आठवत नाही. आठवते ती नर्स बोलली त्याच दिवसाची दुपार. त्यांच्या बायको पेजेची वाटी घेऊन उशाशी बसल्या होत्या, "धरा, दोन घोट ल्या" म्हणत होत्या, आणि आबांनी दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले होते. काही केल्या ते बाहेर काढेनात.