दारावर नेलेला टी-शर्ट

आमच्या खानदेशात कुणाकडे मयत झाली की बायका-बायका मिळून त्या घरी भेटायला जातात. त्याला दारावर जाणं म्हणतात. दारावर जाताना काय न्यावं, काय बोलावं, कधी उठावं, सगळ्याचे रिवाज ठरलेले आहेत. त्यात कंपनीचा जांभळा टी-शर्ट कुठेच बसत नाही. मी तो घडी घालून, ओढणीत गुंडाळून पिशवीतून नेला होता.

जिच्यासाठी नेला ती माझी कुणी नात्यातली नव्हती. मी तिला ताई म्हणायचे, ती मला बाई म्हणायची. जळगावात आम्ही दोघी एकाच ॲपवर काम करायचो. बायका घरबसल्या मोबाइलवरून फेशियल, वॅक्सिंग मागवतात, त्या घरी आम्ही सामानाची बॅग घेऊन जायचो. भुवयांचा दोरा दातात कसा धरायचा हे मला तिने शिकवलं. स्वभावाने मी तापट, ती थंड. कुणी गिऱ्हाईक चहासाठी वेगळा कप काढायचं, तर माझं डोकं फिरायचं. ती तो कप धुऊन ठेवून यायची.

तिचा नवरा एका सकाळी छातीत कळ येऊन गेला. सासर शिरपूरजवळच्या खेड्यात, म्हणून सगळं तिकडेच झालं. चौथ्या दिवशी मी चोपड्यावरून एसटीने गेले.

त्याआधी तीन दिवस मी कंपनीच्या हेल्पलाइनशी भांडत होते. नियम असा की रोज टी-शर्ट घालून सेल्फी पाठवायचा, तीच हजेरी. चार दिवस हजेरी चुकली की आयडी बंद. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सुट्टीच्या कारणांत आजारपण आहे, लग्न आहे, प्रवास आहे. तुम्ही आजारपण टाका आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा." मी म्हटलं, नवरा मेलाय हो तिचा, तो कुठल्या कारणात टाकू? तिने मला होल्डवर ठेवलं. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ही. त्यांच्या यादीत सुतक कुठून येणार?

आयडी म्हणजे नुसता नंबर नव्हता. चार वर्षांचं तिचं काम, गिऱ्हाइकांनी दिलेले स्टार, सगळं त्याच्यात होतं. तो चालू राहिला तर दिवस झाल्यावर ती जळगावला परतू शकत होती, खोली ठेवू शकत होती, स्वतःच्या जिवावर जगू शकत होती. तो गेला की परत जायला निमित्तच उरत नव्हतं. सासरची माणसं वाईट नव्हती. पण एकटी बाई शहरात कशाला ठेवायची, असं म्हणायला त्यांना तेवढं पुरलं असतं.

मी पोचले तेव्हा ओसरीवर बायका बसल्या होत्या. मी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि ते रडणं खरं होतं. तेवढ्यात अंगणातून गाडी बाहेर पडली. तिचा दीर. तोही ॲपवरच, पण प्रवासी नेण्याच्या, धुळ्यात कार चालवायचा. सख्खा भाऊ जाऊन चार दिवस झाले होते, आणि तो कामावर निघाला होता. मी बघत राहिले तशी शेजारची म्हातारी अक्का मला समजावत म्हणाली, "बाप्या मानूस शे तो. गाडी नई काढी ते घर कसं चाली?"

खरंच आहे. घर कसं चालणार? पण जळगावातलं घर ताईच्याच कमाईवर चालायचं, हे त्या ओसरीवर मला एकटीला ठाऊक होतं. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, अशी तिची गत. कंपनी म्हणे हजेरी लाव, घर म्हणे जागची हलू नकोस. दिराला मात्र दोन्हीकडून मोकळीक.

बायका पांगल्यावर मी तिला मागच्या न्हाणीत नेलं. टी-शर्ट दाखवला. तिला आधी कळेचना. मग ती म्हणाली, "आज राहू दे ना बाई." मी म्हटलं, आजचा दिवस गेला तर आयडी गेला. तिने लुगड्यावरूनच टी-शर्ट चढवला. मी तिचा मोबाइल धरला. पडद्यावर लाल अक्षरं आली: चेहरा जुळत नाही. पुन्हा काढला. पुन्हा तेच. तीनच वेळा संधी असते.

मी तिच्याकडे पाहिलं. मोकळे ओले केस, सुजलेले डोळे, कपाळ पांढरंफटक. कंपनीकडच्या फोटोत तिला ठसठशीत लाल टिकली होती. मी आगाऊ बाई. माझ्या स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि तिच्या कपाळाला लावली. म्हटलं, एक मिनिट फक्त, फोटोपुरती.

तिने मान वर केली. तिसरा फोटो काढला, आणि त्याच वेळी सासूने न्हाणीचं दार ढकललं.

म्हातारी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दाराला धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "हाई काय करी राह्यनी तू? मना पोरले जाईसन चार दिन नई व्हयनात, आनि तू टिकली लाईसन फोटो काढी राह्यनी?" मग तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. तिचाही मुलगाच गेला होता. तिला मी काय सांगणार होते? हजेरी? सेल्फी? मी मोबाइलकडे पाहिलं. तिसऱ्यांदाही चेहरा जुळला नव्हता. ओळख पटली नाही, खातं बंद करण्यात येत आहे.

ताईने टिकली आणि टी-शर्ट काढून माझ्या हातात दिले आणि ती सासूला उठवायला वाकली. मी साडेतीनच्या एसटीने निघाले.

घरी आल्यावर मला राहवेना. कंपनीकडच्या माझ्या फोटोतही टिकली आहे. मी कपाळावरची टिकली काढली, टी-शर्ट घातला आणि माझ्याच आयडीवर हजेरीचा सेल्फी काढला. पहिल्याच फटक्यात जुळला. टिकलीशी त्या यंत्राला काही घेणंदेणं नव्हतं. त्याला फक्त डोळे, नाक, चेहऱ्याची ठेवण लागते, आणि तिचे डोळे रडून रडून उघडत नव्हते. म्हणजे मी तिच्या कपाळाला लावलं ते फुकट लावलं. ही गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.

गावात बोभाटा झालाच. नवऱ्याची राख गार नाही आणि ही नटून फोटो काढते, असं. दिवस झाल्यावर दिराने जळगावची खोली रिकामी केली आणि सामान टेम्पोत घालून नेलं. तिला कोणी कोंडून ठेवलं नाही. फक्त परत जा असंही कोणी म्हटलं नाही.

मी ॲप सोडलं. मोठ्या तत्त्वासाठी वगैरे नाही, त्या सेल्फीपुढे सकाळी उभं राहवेना म्हणून. माझ्यासारख्याच वैतागलेल्या आणखी सात जणी निघाल्या. आता आमचा एकच फोन नंबर आहे, फोन आला की जिची पाळी ती जाते. स्टार नाहीत. कामं आधीपेक्षा कमी येतात. मसाज करता का, असं विचारणारे बाप्ये रोज असतात, आणि मी तापट म्हणून बाकीच्या जणी ते फोन मुद्दाम माझ्याकडे देतात. पाळीवरून भांडणंही होतात, जामनेरहून येणारी एक तर दोनदा सोडून गेली आणि दोनदा परत आली. पण पहिल्याच बैठकीत मी एक नियम वहीत लिहायला लावला: सुतक, बाळंतपण, आजारपण, काहीही असो, जिची पाळी तिचीच राहील, आणि कोणी पुरावा मागायचा नाही. यादीत पहिलं नाव ताईचं घातलं. कोणी हरकत घेतली नाही.

हे सांगायला परवा तिला फोन केला. ती कापूस वेचायला गेली होती, शेतातूनच बोलली. मी एका दमात सगळं सांगितलं. नंबर आपला, वही आपली, तुझी पाळी ठेवलीय, कधीही ये, माझ्याकडे राहा. ती ऐकत होती. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

मग म्हणाली, "मना हात आते खरबडा व्हई ग्यात बाई. कोना गालले लावू?"