धरणापलीकडचं जंगल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जपानमध्ये सेंदाईतल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचं काम करत होते. डोंगरातला माकडांचा एक कळप खालच्या गावात सफरचंदाच्या बागांत उतरायचा. कळप पकडून मारायचा की बागांना विजेचं कुंपण घालायचं, हे गावची कचेरी आमच्या अहवालावरून ठरवणार होती.

पद्धत सोपी होती. एका माकडिणीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा. ती सापडली त्या जागा एकीकडे, तिला जाता आलं असतं त्या जागा दुसरीकडे. तुलना केली की पसंती कळते. सगळी मदार या दुसऱ्या जागांवर. सहाय्यक प्राध्यापकांनी त्या कशा काढल्या? नकाशावर पट्टीने चौकोन आखला आणि आत वाटेल तिथे ठिपके टाकले. चौकोनात धरणापलीकडचं ओकचं दाट जंगल आलं. तिथे दुसरा कळप राहतो. आमची माकडं तिकडे कधीच जात नसत. अलीकडचे बहुतेक ओक तोडून लाकडासाठी झाडं लावलेली, त्यांवर खायला काही नाही. पण गणिताने सांगितलं, एवढं जंगल असून माकडं बागाच निवडतात. म्हणजे चटक लागली. मारा.

मी धरणाअलीकडची हद्द धरून गणित पुन्हा केलं. जेवढं हाताशी होतं त्या मानाने माकडांची पहिली पसंती उरलेल्या ओकना होती, बागा नंतर. बैठकीत मी हे उभं राहून सांगितलं. विभागप्रमुखांनी डोळे मिटले. बाकीचे कागद बघत बसले. बाहेर सहाय्यक म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण बैठकीत कशाला?"

"मग कुठे?"

"आधी."

जपानी कंपनीत मुरलेला माझा नवरा घरी हसत सुटला. "मीटिंगमध्ये बोललीस? तिथे फक्त मान डोलवायची असते. बोलायचं आदल्या आठवड्यात, एकेकाच्या खोलीत."

"आणि चुकीचा चौकोन?"

"तोही तेव्हाच पुसायचा."

माझा संताप झाला. तरी अहवाल जायला अजून एक बैठक होती, म्हणून भेटींचा क्रम लावला. पहिले सहाय्यक, कारण चौकोन त्यांचा. मग दोन प्राध्यापक, कचेरीतले अधिकारी, शेवटी प्रमुख. प्रत्येक खोलीत चहा, प्रत्येक खोलीत तोच नकाशा. सगळ्यांना पटलं. इतक्या सहज पटलं की अजूनच राग आला.

लोक या पद्धतीला समंजसपणा म्हणतात. मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात मला ताप आला असता तर अख्खा कळप पिंजऱ्यात गेला असता, आणि गणित तेव्हाही तेवढंच चूक असतं.

दुसऱ्या बैठकीत सहाय्यकांनी "हद्दीत किरकोळ सुधारणा" वाचून दाखवली. माना डोलल्या. कुंपण ठरलं. चूक हा शब्द कोणी उच्चारला नाही, आणि या वेळी मीही गप्प बसले. माझ्या कामांच्या यादीत 'बैठक' पुढे बरोबरची खूण मी सकाळी घरून निघतानाच केली होती.