वरचे खण

उजवा खांदा आखडला तेव्हा मी गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. समोर लाकडी केस, तिच्या एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे, आणि दिवसभर उभं राहून ते वेचायचे. वरच्या खणांपर्यंत जायला हात खांद्याच्या वर उचलावा लागे. माझा छातीशीच अडे. सदऱ्याची बाही बायको चढवून देई. छापखान्यात कळलं असतं तर माझ्या जागी दुसरा उभा राहिला असता. म्हणून एका सकाळी लवकर जाऊन मी शहाणपणा केला. सारखी लागणारी अक्षरं वरून काढून खालच्या खणांत भरली, खालची क्वचित लागणारी वर नेली. केस माझी एकट्याची, कुणाला पत्ता लागला नाही.

दोन महिन्यांत खांद्याचा पार दगड झाला. परळच्या इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझगावच्या, ख्रिस्ती, आवाजाने करड्या. माझी युक्ती मी त्यांना ऐटीत सांगितली, तशा त्या भडकल्याच.

"तुम्ही खांद्याला पेन्शनीत काढलंत! वर जायचं कामच ठेवलं नाही, तर तो हलेल कशाला? खणांतल्या अक्षरांची एकेक ओळ परत वर न्या."

मग रोज सकाळ-संध्याकाळ घरच्या भिंतीवर बोटं चालवत चढायचं आणि हात थांबेल तिथे पेन्सिलीची खूण करायची. ओणवं होऊन, हातात इस्त्री धरून, हात सैल झुलवायचा. डोळ्यांत पाणी येई. बाईंना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. महिन्याभरात खूण वीतभर वर सरकली आणि खणांची एक ओळ मूळ जागी गेली. दोन उरल्या.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस. एका दुपारी लालबागच्या सभेचं पत्रक आलं, ते तासाभरात हवं होतं. फोरमनने मजकूर फाडून वाटला आणि माझ्याच केसवर मास्तरांना मदतीला उभं केलं. मला हे काम मास्तरांनीच शिकवलेलं. म्हातारे झाले होते, तरी खिळ्याकडे न बघता उचलत. प्रत्येक केसमध्ये अक्षरांच्या जागा ठरलेल्या, त्या बोटांना पाठ. खणांची अदलाबदल सांगायला तोंड उघडलं, फोरमन शेजारीच उभा दिसला, आणि मी ते मिटलं.

प्रूफ निघालं. मास्तरांचा अर्धा भाग कुणाला वाचता येईना.

"मास्तर, हे काय केलंत? झेपत नसेल तर सांगा ना!" फोरमन ओरडला.

सगळ्यांचे हात थांबले. मास्तरांनी चष्मा धोतराला पुसला, प्रूफ पुन्हा पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "माझ्या बोटांचं काही बिघडलंय का रे?"

"घाई होती ना, मास्तर," मी म्हणालो.

पत्रक दुसऱ्याने पुन्हा जुळवलं. पुढच्या आठवड्यात मास्तर काम सोडून कोकणात निघून गेले.

दिवाळीच्या सुमाराला माझा हात सरळ डोक्यावर गेला. "हसा की आता!" बाई म्हणाल्या. मला स्वतःची शरम वाटत होती. त्या हिवाळ्यात मास्तरांना पत्र लिहायला मी चारदा बसलो, आणि चारही वेळा, खांदा दुखतोय असं बायकोला सांगून उठलो. खांदा तेव्हा मुळीच दुखत नव्हता.