हुसेनमामांची नजर

मुशीत सोनं वितळायला लागलं की हुसेनमामा बोलायचे थांबत. मान जराशी वाकवून आत बघत राहत आणि रसावर आरशासारखी चमक आली की म्हणत, "आता वत, गड्या. नजर खाली!" आठवीतून शाळा सोडून मी विट्याहून मदुराईला आलो, तेव्हा सोनं गाळायचं हे गलाईचं काम मला त्यांनीच शिकवलं. आज पोटाला जे मिळतंय ते त्यांच्यामुळं.

दोन वर्षांपूर्वी मामा पडायला लागले. पायरी चुकायची, आमटी सदऱ्यावर सांडायची. एकदा ओतताना सोन्याचा रस साच्याबाहेर गेला. दुकानाचे शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हातारा प्यायला लागलाय. तोंडाचा वास घेऊन सांग."

चहा द्यायच्या निमित्तानं मी वाकलो. मामांना कळलंच.

"घावला का रं वास?"

"न्हाई, मामा."

"मग तसं सांग जा की."

मी शेठजवळ काहीच बोललो नाही. त्यांच्या मनाविरुद्ध बोललो तर माझंही काम जाईल, ही धास्ती. शेठनी मामांना दारुडा म्हणून घरी, विट्याला पाठवलं.

दिवाळीला विट्याला गेलो, तर मामींनी त्यांचं ताट उलट्या डब्यावर मांडलेलं. खाली ठेवलं की त्यांना दिसत नसे. कुणीतरी कंपवाताच्या गोळ्या दिलेल्या, गुण नव्हता. मी त्यांना मिरजेला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मामांना कॅमेरा बसवलेला चष्मा लावला. "मान हलवू नका. पडद्यावरच्या ठिपक्यामागं फक्त डोळे न्या." डावी-उजवीकडे डोळे रखडत गेले. ठिपका खाली उतरला, डोळे जागेवरच. संगणकावर ठिपक्याची रेघ खाली गेली, मामांची सरळच राहिली.

"नुसत्या यावर ठरत नाही," बाई म्हणाल्या, "पण सारखं पडणं आणि डोळ्यांचं हे मोजमाप, दोन्ही पाहता हा साधा कंपवात वाटत नाही. मेंदूचा दुसरा आजार आहे. थांबवणारं औषध नाही. पडण्याला आणि घास अडकण्याला जपा."

मामांनी विचारलं, "आवं बाई, मी पीत न्हाई, ते आलं का ह्यात?"

बाईंना काही कळेना. मी भिंतीकडं बघत बसलो.

शेठला मी नंतर सगळं सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. घासच अडकला.

मला विट्याचा तो निरोप सोडत नाही. दिवाळीनंतर मदुराईला परत निघताना मी वाकून त्यांचे पाय धरले होते आणि मामा समोर भिंतीकडं बघत विचारत होते, "आरं, कुठं गेलास?"

"हितंच हाय, मामा. खाली."