नखांवरची आडवी खाच

बिस्किटांच्या कारखान्यात पीठ मळायच्या यंत्रावर ती एकवीस वर्षं होती. एक दिवस उशीर नाही, म्हणून सगळ्या तिला घड्याळमावशी म्हणत. दर सोमवारी दाराशी नखं तपासली जायची आणि तिला कधीच कुणी अडवलं नव्हतं.

तापाच्या साथीनंतर ती कामावर आली आणि दोन महिन्यांत तिच्या दहाही नखांवर एकसारखी आडवी खाच उमटली.

"पिठाच्या ओलीनं खाल्ली गं नखं," शेजारच्या यंत्रावरची म्हणाली. "तुला स्वतःला खायलाही सवड नाही, तर नखं तरी कशी टिकणार!"

सुपरवायझरला बुरशीची शंका आली. तिनं मावशीला डॉक्टरकडे पिटाळलं.

"बुरशी अशी रांगेत उभी राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "मोठं आजारपण झालं का?"

"ताप. नऊ दिवस शुद्ध नव्हती."

"तेव्हा नखांची वाढ थांबली होती, त्याची ही खूण. वाढता वाढता पुढे सरकेल, चारेक महिन्यांत जाईल. काळजी नको."

काळजी नको म्हणे! त्याच नऊ दिवसांत, त्याच तापात मावशीची सतरा वर्षांची लेक गेली होती. आईला शुद्ध आली तेव्हा शेजारची गादी गुंडाळून झाली होती. लेकीला निरोप परक्यांनी दिला. त्या दिवसांची आईपाशी साधी आठवणही नव्हती. होती ती एवढी खाच.

मावशी रोज अंगठा फिरवून ती चाचपायची. नखं बेतानं कापायची. पण खाच काही थांबेना. ती टोकाशी आली, तसं मावशीनं कापणंच सोडलं.

सोमवारी सुपरवायझरनं हात धरला. "मावशी, ही काय नखं? नियम तुम्हीच शिकवलात मला."

"एक आठवडा दे, पोरी."

"आठवड्यानं काय होणार?"

मावशीनं त्या खाचेचं सांगितलं. सुपरवायझरनं तिचा हात सोडला. "रजा घ्या हवी तर. मी बघते."

"रजेत वाढायची थांबतात का ती?"

मावशीनं सुपरवायझरच्या हातातलं नेलकटर घेतलं. एकेक बोट करत उभ्यानं सगळी नखं कापली आणि हात पुढे केले. दहाही नखं गुळगुळीत, गुलाबी. कधी काही झालंच नव्हतं अशी.

"बरोबर आहे का?" तिनं विचारलं.

सुपरवायझरनं नुसती मान हलवली. मावशी टोपीत केस कोंबत आत गेली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा उशीर झाला.