मामा बसले की दिवा लागायचा

आमचे हे कोळारच्या एका कारखान्यात मशीन चालवतात. त्यामुळं जगातल्या एकूण एक मशीनचं आपल्याला कळतं, असा त्यांचा समज आहे. घरातला मिक्सर त्यांनी दुरुस्त केला, त्या दिवसापासून मी पाट्यावर वाटण वाटते. अशा माणसानं माझ्या ट्रॉलीला दिवे बसवायचं मनावर घेतलं.

ट्रॉली शेवयांच्या मशीनची. उन्हाळा लागला की आमच्याकडच्या बायका पीठ डोक्यावर घेऊन, जिथं मशीन असेल त्या गावाला जातात आणि दिवसभर नंबर लावून बसतात. मी म्हटलं, बाईनं मशीनकडं कशाला जायचं, मशीनच बाईच्या दारात नेऊ. जुनी लहान गाडी घरात होतीच. मला ती चालवता येत होती, आणि खरं सांगायचं तर ह्यांच्यापेक्षा बरी येत होती. एका वेल्डरकडनं दोन चाकांची ट्रॉली करून घेतली, तिच्या दांड्याची कडी अडकवायला गाडीच्या मागं लोखंडी गोळा बसवून घेतला, तिच्यावर मशीन बसवली आणि मन्नाएखेळ्ळीकडच्या गावांना येते म्हणून सांगूनही बसले.

अडवलं ते सासऱ्यांनी. त्यांना मी मामा म्हणते. सून गाडी घेऊन गावोगाव फिरणार, हे त्यांना मुळातच पटत नव्हतं, पण तोंडानं ते एवढंच म्हणाले, "मागं दिवा न्हाई तर ट्रॉली दाराभाईर जायची न्हाई." ह्याच्यावर मला उलटं बोलता येईना. त्यांचा धाकटा भाऊ अंधारात बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून जागीच गेला होता. म्हणजे दिवा लागला तर माझा धंदा, नाही तर मशीन अंगणात आणि मी चुलीपुढं.

सुट्टीच्या दिवशी ह्यांनी डिकी उघडली. मागच्या दिव्यांच्या वायरी सोलल्या, त्यांना नव्या वायरी जोडून ट्रॉलीपर्यंत नेल्या, टेप गुंडाळली. एक काळी वायर तशीच उरली. मी विचारलं, ही कुठं लावायची?

"ती अर्थिंगची, करंट माघारी जायला. काय गरज न्हाई. ट्रॉलीची कडी गाडीच्या गोळ्यावर बसायलीय, लोखंडाला लोखंड लागायलंय. अर्थ तिथनंच येतो. तुला न्हाई कळायचं."

आणि लागले की हो दिवे! ब्रेक दाबला की लाल, इंडिकेटर दिला की पिवळा. हे असे ऐटीत फिरले की जणू विजेचा शोध ह्यांनीच लावलाय. मी लगेच पीठ चाळायच्या चाळण्या बांधायला घेतल्या.

पण नवीन गाडी रंग आणि पूजा झाल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही, ही आमच्याकडची रीत. ट्रॉली काय नि ट्रॅक्टर काय. मामांनी कुठनं तरी लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि ट्रॉली रंगवली. नुसती रंगवली नाही, माखली. चाकं, दांडा, कडी, कडीच्या आतला भाग, एवढंच काय, गाडीचा गोळासुद्धा. स्वतःचं धोतरही सोडलं नाही. रंग वाळल्यावर हळदकुंकू, लिंबू, नारळ. मग मी गाडीत बसून दिव्याचं बटण दाबलं. सगळा अंधार! ब्रेक दाबला तर ब्रेकचा दिवा राहिला बाजूला, इंडिकेटरच मिणमिणायला लागले.

ह्यांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, बॅटरीला शिव्या दिल्या. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. शेजारी म्हणाले, वेल्डर फसवून गेला. मी म्हटलं, मिक्सर तरी कुठं चालायला लागलाय! हे फणकारून आत गेले, दिव्याचं बटण तसंच चालू ठेवून.

मशीनची दोरी नीट बांधलीय का बघायला मामा ट्रॉलीवर चढले आणि दांड्याजवळ बसले. भक्कन दिवे लागले.

"मामा, उतरा बघू."

उतरले. दिवे गेले.

"चढा."

चढले. लागले. मामा चढतायत, उतरतायत आणि सगळी गल्ली हसून लोळतेय. शेवटी मामा भडकले. "मी काय बटण हाय व्हय रे?" पण अट त्यांचीच होती ना. दिव्याशिवाय जायचं नाही, आणि दिवा तर मामांशिवाय लागत नाही. मी हात जोडून म्हटलं, चला मग.

अशी आमची वरात निघाली. पुढं मी स्टेअरिंगवर, मागं मशीनशेजारी पोत्यावर मामा, टोपी धरून, तोंड पाडून. मी हळूहळू आतल्या रस्त्यानं जायचे. पोलिसानं धरलं असतं तर काय सांगणार होते, सासऱ्यांना अर्थिंगला बसवलंय?

पहिल्या गावात मामा लिंबाखाली फुगून बसले. दुसऱ्या गावात नंबरावरनं बायकांची भांडणं लागली तेव्हा उठले. "अक्का, तुमी माघारी सरा. हिचं पीठ आदी आलंय." तिसऱ्या गावापासनं मला नंबराकडं बघावंच लागलं नाही. पीठ सैल आहे की घट्ट, हेही मामा चिमटीत धरून सांगायला लागले. मला मात्र त्यांची कटकट व्हायची. घरात डोक्यावर, धंद्यातही डोक्यावर!

मग ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. चाकूनं कडीतला रंग खरवडला तर दिवे लागले. रंगानं अर्थ अडवला होता, आणि मामांच्या वजनानं कडी गोळ्यावर दाबली जाऊन तेवढ्यापुरता लागत होता. ह्यांनी ती काळी वायर निमूटपणे जोडून टाकली. दिवे झकास. मला बाई आनंद झाला, सुटले एकदाची!

दुसऱ्या दिवशी मामा टोपी घालून आले आणि त्यांनी ट्रॉलीवर पाय ठेवला. हे म्हणाले, "अप्पा, आता तुमी बसायची गरज न्हाई."

मामांनी पाय खाली घेतला. "बरं झालं. कंबर मोडली व्हती माझी," म्हणाले आणि जाऊन ओट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आता मला अडवायला कुणी नव्हतं, आणि किल्ली फिरवायला हात होईना.

मी पुढचं दार उघडलं. "मामा, या, हितं बसा."

आमच्याकडं सासरा सुनेच्या शेजारी बसत नाही. बाजेवर नाही, एसटीत नाही. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"दिवा लागायलाय न्हवं? मंग मी कामून येऊ?"

"तिथं बायकांना गप कोण बसवणार? मला जमतंय व्हय?"

मामांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग आले, अंग चोरून बसले आणि दार लावून घेतलं. वेशीवर पारावरच्या एकानं हाळी दिलीच, "काय अण्णा, आज सुनंच्या शेजारी? कुठं निघालाव?"

मी मान खाली घातली. मामांनी काच खाली केली.

"सून घरी. हितं मालकीण हाय. मी हिच्याकडं कामाला हाय."

माझा क्लचवरचा पाय सुटला आणि गाडी जागच्या जागी बंद पडली.

"चालव की," मामा समोर बघत म्हणाले. "बायका वाट बघायल्यात."