खोआतकाकांचं सुतक

आमच्या गावच्या चावडीची राखण खोआतकाकांनी बावीस वर्षं केली. लोखंडासारख्या जड लाकडाचे अठ्ठेचाळीस खांब, कोपऱ्यांना वर वळलेलं कौलारू छप्पर आणि आत ग्रामदैवताचं ठाणं. सामुदायिक शेतीच्या काळात तिथे भाताची पोती रचलेली असायची, तेव्हाही काका रोज खांब पुसायचे.

नववर्षाचा सण आटोपला आणि त्यांची बायको लुआ तापानं गेली. आमच्याकडे सुतक वर्षभराचं, आणि सुतक असलेल्यानं चावडीत पाऊल ठेवायचं नाही. काकांनी चावडीच्या किल्ल्या आपण होऊनच गावातल्या तरुण थुआनकडे दिल्या. मुलगी लांब दिलेली. घरात दुसरं कुणी नाही. सकाळ झाली की ते चावडीच्या कुंपणाच्या भिंतीपाशी येऊन उभे राहायचे. वसंतातल्या उत्सवाचा ढोल वाजला, त्या दिवशी मात्र दार लावून बसले.

उन्हाळ्यात चावडीची दुरुस्ती निघाली. परगावचे सुतार आले, तुळया उतरवल्या, परत चढवू लागले. काका भिंतीपलीकडून ओरडले, "अहो मिस्त्री, ती होडीतल्या बायांच्या नक्षीची तुळई पूर्वेची! पश्चिमेला कुठे चढवताय?"

मिस्त्री हसला. "आजोबा, भिंतीवरून कशाला, आत येऊन दाखवा की."

"त्यांना सुतक आहे," थुआन म्हणाला.

"देव काय दिवस मोजत बसतो?"

"तो नसेल मोजत. मी मोजतो," काका म्हणाले. "टोक पुसून बघा. जुन्या सुताराची खूण असेल."

खूण निघाली. पूर्वेचीच. मिस्त्री मग रोज भिंतीशी येऊन विचारू लागला.

वर्ष सरलं. गावातले म्हातारे विड्याच्या तबकात किल्ल्या घेऊन काकांच्या घरी आले.

"थुआनकडेच राहू द्या," काका म्हणाले.

"का रे, रुसलास काय आमच्यावर?"

"रुसू कशाला? बायकांना आत बंदी. लुआ रोज संध्याकाळी विचारायची, आज वरच्या नक्षीत काय दिसलं? एवढ्या वर्षांत तिला अर्धी चावडी सांगून झाली होती." काकांनी चहा ओतला. "उरलेली बघून सांगू कुणाला?"

म्हातारे चहा पिऊन, तबक घेऊन परतले.

काका आणखी तीन वर्षं जगले. उत्सवाला यायचे, देवापुढे वाकायचे आणि पंगत बसायच्या आत घरी जायचे.